चौदा पानांचा अंत्यविधी

माणूस जातो आणि त्याचं विश्व मागे उरतं, असं शोकसभेत म्हणायची पद्धत आहे. तुझ्या बाबतीत, पास्कल, ते शब्दशः खरं निघालं. रोझीवहिनींनी तुझं विश्व प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत भरून माझ्याकडे दिलं आणि सध्या ते माझ्या जेवणाच्या टेबलावर आहे. अकरा वह्या, एक कंपासपेटी, घड्या घालून घालून फाटलेला आकाशगंगेचा नकाशा. घरी आणून उघडल्यावर अकरापैकी दोन वह्या नंदाखाल-आगाशीकडच्या पंपदुरुस्तीच्या निघाल्या. त्या मी परत नेऊन दिल्या, कारण कोणाचा पंप कुठल्या अवस्थेत खोलून ठेवलाय हे फक्त त्यांत लिहिलेलं होतं आणि लोक वहिनींना विचारायला येत होते. तेव्हा विश्व नऊ वह्यांचं.

तुला जाऊन उद्या तीन आठवडे होतील. इंटरनेटवरच्या आपल्या मंचावर तुझ्याबद्दल बरंच लिहून आलं. 'महान विश्वनिर्माता' असंही एकाने लिहिलं. मी ते वाचलं आणि सवयीने तुला फोन करायला हात पुढे केला, कारण यावर तू जे काही म्हणाला असतास ते ऐकण्यासारखं असतं.

जे हे वाचतील आणि ज्यांना काही ठाऊक नाही, त्यांच्यासाठी थोडं सांगते. तू तेवढ्यात चहा घे. आपल्या लहानपणी टीव्हीवर एक परदेशी अंतराळमालिका लागायची. तिचं नाव मी लिहीत नाही, कारण तिच्या हक्कदारांना आपण अजून सापडलेलो नाही. ती मालिका ऐन लढाईत बंद पडली. दोन्ही आरमारं समोरासमोर, तोफा रोखलेल्या, आणि पुढच्या आठवड्यात त्या वेळेला शेतीविषयक कार्यक्रम. जगातली बहुतेक माणसं अशा धक्क्यातून सावरतात. जी सावरली नाहीत त्यांनी पुढची गोष्ट आपापल्या मनाने लिहायला घेतली. मराठीत असं लिहिणारे आपण मोजून दोघं, आणि वाचणारे सत्तरच्या आसपास. तू लढाया, जहाजं आणि यंत्रं बघायचास, मी माणसं आणि वाक्यं. तू 'फूटव्हॉल्व्ह' (पंपाच्या नळाच्या तळाशी बसते ती झडप) या नावाने लिहायचास. मी कायद्याच्या पुस्तकांची मुद्रितं तपासून पोट भरते, म्हणून तू मला 'संपादकबाई' केलंस आणि त्या नावाने मला कधी सोडलं नाही.

पहिली दोन वर्षं माझी ठाम समजूत होती की फूटव्हॉल्व्ह हा कुठल्या तरी परदेशी बंदरात राहणारा निवृत्त नौदल अभियंता आहे. तुझं लिखाणच तसं होतं. जहाजाच्या पोटातल्या नळांबद्दल तू असा लिहायचास की जणू तू त्यांच्याखाली झोपून आयुष्य काढलं आहेस. मग एका दुपारी तू लिहिलंस, 'लढाई अर्ध्यावर सोडतो, आमच्याकडे लाइट गेली.' मी उत्तर टंकत होते आणि माझ्याकडचा पंखा थांबला. तू विचारलंस, 'तू कुठे असतेस गं?' मी म्हटलं विरार पश्चिमेला. तू म्हणालास, 'मग आगाशीची बस पकड. मी नंदाखालला.'

दोन वर्षं आपण चार प्रकाशवर्षांचं युद्ध लढत होतो आणि आपल्यामध्ये बसची वीस मिनिटं होती.

आगाशीच्या बाजारात तू मला घ्यायला आलास, पायात चपला, हातात पंपाचा खोललेला इम्पेलर, म्हणजे आतलं फिरतं चाक, कारण तो वाटेत कोणाला तरी दाखवायचा होता. आपण दोघांनी पहिली दहा मिनिटं एकमेकांना 'तुम्ही' म्हणून पाहिलं. जमलं नाही. दोन वर्षं ज्याच्याशी क्षेपणास्त्रांवरून भांडलो त्याला अहोजाहो करणं म्हणजे उगीच मधे पडदा लावण्यासारखं झालं असतं. शिवाय तू माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा आहेस हे तोपर्यंत मला माहीतच नव्हतं, आणि कळल्यावर फार उशीर झाला होता.

तुझं युद्धशास्त्र कुठून आलं हे मला तुझ्या वाडीत पाय ठेवल्यावर समजलं. केळी, माड, मधे बावखल, म्हणजे तुमचं ते गोड्या पाण्याचं तळं, आणि त्याच्या काठावर एक पंप धापा टाकत होता. तू त्याच्यापाशी उकिडवा बसलास, कान लावलास आणि म्हणालास, "हवा धरतोय." मग माझ्याकडे वळून त्याच आवाजात, "जहाजात सगळ्यांत आधी काय बंद पडतं सांग."

"तोफा?"

"पंप. पाणी, हवा, तेल, थंड करायचा रस, सगळं पंपावर. तोफ बंद पडली तर लढाई हरशील. पंप बंद पडला तर लढाईपर्यंत पोचणारच नाहीस."

यानंतर आपल्या आरमारातली प्रत्येक लढाई कुठल्या ना कुठल्या पंपावर येऊन ठेपू लागली. वाचकांनी तक्रार केली. मीही केली. तू ऐकलं नाहीस, आणि तुझं बरोबर होतं, कारण सत्तर माणसांपैकी एकालाही त्याआधी वाटलं नव्हतं की अंतराळात जहाज गार कसं करतात हा प्रश्न आहे. बाहेर एवढी थंडी, मग गरम कसं होईल, असं मीच म्हटलं होतं. तू मला थर्मासची बाटली दाखवलीस. आतला चहा गरम का राहतो? भोवती काही नाही म्हणून. जहाजाच्या भोवतीही काही नाही. त्यामुळे लढणारं जहाज आतल्या आत तापत जातं आणि उष्णता बाहेर टाकायला त्याला मोठे पातळ पंख उघडावे लागतात. आणि पंख उघडले की त्यावर नेम धरणं सोपं. एवढ्या एका गोष्टीवर तू अख्खी युद्धनीती उभी केलीस: कोण किती वेळ उकाडा सोसतो, त्यावर लढाईचा निकाल.

शरणागतीचा नियमही त्यातूनच आला. मी पांढरा झेंडा लिहिला होता. तू खोडलास. "पंख उघडायचे. पंख उघडलेलं जहाज लढू शकत नाही, हे समोरच्याला दुरून दिसतं. झेंडा कशाला?" आणि मग, "शिवाय आतल्यांना गार वाटतं. हरलेल्यांना निदान गार तरी वाटू दे."

मी बरीच युद्धवर्णनं वाचली आहेत. ज्यांनी लिहिली त्यांतल्या बऱ्याच जणांना पदकं होती. हरलेल्यांना उकडत असेल हा विचार कोणाच्या मनात आलेला मला आठवत नाही.

आपल्याकडे एक कायदा होता आणि तो तू केला होतास: एकदा मंचावर टाकलेलं प्रकरण बदलायचं नाही. चूक निघाली तर त्या चुकीला जगात कारण शोधायचं. "पंप बसवल्यावर विहीर सरकवता येत नाही," असं तू म्हणायचास. मला हा हट्ट वाटायचा. माझा धंदाच चुका पुसण्याचा आहे. पण मग दाराची भानगड झाली.

आपलं मुख्य जहाज 'बिनतक्रार'. (इतर लेखकांची जहाजं 'अजिंक्य' आणि 'प्रलयंकर' असतात, हे नाव तुझं, आणि ते वाचून मी पहिल्यांदा ठरवलं की या माणसाबरोबर लिहायचं.) बिनतक्रारच्या पोटात लढाऊ होड्या ठेवलेल्या. एकतीस प्रकरणं त्या होड्या आत-बाहेर करत होत्या. मग एका वाचकाने अत्यंत नम्रपणे विचारलं की प्रकरण चारमध्ये दार नऊ मीटर बाय नऊ मीटर आहे आणि प्रकरण अकरामध्ये होडीचे पंख टोकापासून टोकापर्यंत अकरा मीटर आहेत, तर कसं?

मी म्हटलं, अकराचे आठ करू, कोणाला कळतंय. तू आठ दिवस फोन उचलला नाहीस. नवव्या दिवशी तू भर दुपारी माझ्या दारात उभा, विरारच्या तीन मजल्यांचे जिने चढून धापा टाकत.

"तिरकं!" तू म्हणालास.

"काय तिरकं?"

"रोझीने टेबल बदललंय. नवं टेबल दारातून जाईना. मी दार काढायला स्क्रू-ड्रायव्हर आणला, तर ती म्हणते, 'अहो, तिरकं करा की! एवढी अक्कल नाही आणि आरमार चालवताय.' नऊ बाय नऊच्या दाराला कर्ण किती?"

पावणेतेराच्या जरा आत. अकराची होडी कोपऱ्यातून कोपऱ्यात आरामात जाते, फक्त एका बाजूला कलून शिरावं लागतं. मग तू त्यावर एक परिशिष्ट लिहिलंस. तिरकं शिरणं ही बिनतक्रारच्या चालकांची जुनी रीत आहे. दुसऱ्या जहाजांवरून बदलून आलेले चालक पहिल्या दिवशी सरळ शिरायला जातात आणि पंख मोडून घेतात. जुने खलाशी ते बघायला जमतात. मोडलेल्या पंखाचा तुकडा त्या चालकाच्या बिछान्यावर टांगतात. आपण जे काही लिहिलं त्यात लोकांना सर्वांत खरं वाटलेलं हे. 'हे कुठल्या नौदलातून घेतलंत?' असं तिघांनी विचारलं. तू उत्तर दिलंस, 'घरच्या.'

राजोडीचंही सांगायला हवं. बिनतक्रार तीनशे चाळीस मीटर लांब, हे कागदावर लिहिणं सोपं होतं, पण तेवढं लांब म्हणजे किती हे डोळ्यांना कळेना, म्हणून तू मला ओहोटीच्या वेळी राजोडीच्या किनाऱ्यावर नेलंस आणि काठीने वाळूवर अख्खं जहाज काढलंस. खोल्या, जिने, पंपघर, दवाखाना. शनिवारी फिरायला आलेली माणसं आदराने वळसा घालून जात होती. त्यांना वाटलं सरकारी मोजणी आहे. एक मासळीवाली बाई टोपली डोक्यावर घेऊन आली आणि थांबली.

"काय मापताय? रोड काढताय का हितून?"

"नाही मावशी," तू म्हणालास, "जहाज आहे."

"एवढं? मासं किती येतील यात?"

"मासे नाही. लढाईचं आहे."

तिने या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर टाकली. "मानसं मारायला एवढं लागतं व्हय? आन पानी आल्यावर?"

"पुसलं जाईल."

"मग बरं," असं म्हणून ती दारूगोळ्याच्या कोठारातून सरळ चालत गेली. तू हातातली काठी तशीच धरून तिच्याकडे बघत राहिलास. मग वहीत काहीतरी लिहिलंस. ते काय होतं ते आता मला सापडलंय, वही पाचमध्ये: 'सरळ वाट हवी. जेवण घेऊन जाणाऱ्याला कोठाराला वळसा पडू नये.' पुढच्या प्रकरणापासून बिनतक्रारवर एक सरळ बोळ आहे, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि त्यातून फक्त स्वयंपाकी चालतात.

अशा नोंदी मी रोज थोड्या वाचते. तुझं अक्षर वाईट आहे आणि घाई करण्यासारखं काही नाही. बऱ्याच ठिकाणी मला कारण कळत नाही. वही सातमध्ये एका पानावर नुसतं लिहिलंय, 'घंटा लोखंडाची नको.' का नको? कुठली घंटा? अंतराळात घंटा वाजली तर ऐकणार कोण, हे तुला माझ्याआधी माहीत होतं. मी त्या एका ओळीवर परवा अख्खी संध्याकाळ घालवली.

आता भांडणाकडे येते. टाळत होते, तुझ्या लक्षात आलं असेल.

आपली सरखेल ओदा. मूळ मालिकेत ती एक दुय्यम अधिकारी होती, तिला एकूण तीन वाक्यं होती, आणि त्यांतलं एक 'होय साहेब' होतं. आपण तिला बढत्या देत देत आरमाराची मुख्य केली, म्हातारी केली, गुडघेदुखी दिली. ती मरणार हे आपण दोघांनी मिळून ठरवलं. लढाईत नाही, अंथरुणात. त्यावर आपलं एकमत होतं. वाद झाला तो पुढे काय यावर.

मी एक परिच्छेद लिहिला. ओदा गेली. आरमाराने दिशा बदलली नाही. संपलं. मला तो आवडला होता. आयुष्यभर मी इतक्या शोकसभांना बसले आहे, इतके हार बघितले आहेत, हयातीत ज्यांना कोणी खुर्ची दिली नाही त्यांच्या फोटोला पुढे केलेल्या इतक्या खुर्च्या बघितल्या आहेत, की निदान कल्पनेतल्या आरमारात तरी ते नसावं, असं मला वाटलं.

तू चौदा पानं लिहिलीस. 'सरखेलाच्या अंत्यविधीची रीत.' त्यांची छायाचित्रं काढून तू मला फोनवर पाठवलीस. पुढच्या रविवारी, तू चर्चमधून आल्यावर, मी तुमच्या ओटीवर बसून ती चौदा पानं सोलून काढली. कोण कुठे उभं राहणार, किती तोफा, इंजिनं अकरा मिनिटं बंद.

"तोफा कोणासाठी, पास्कल? निर्वातात आवाज जात नाही. हे तूच मला शिकवलंस."

"ऐकायला नसतात त्या."

"मग?"

"तोफेवर सहा माणसं लागतात. सहा माणसांना काम मिळतं."

"म्हणजे थाट. रिकामे हात दिसू नयेत म्हणून."

"थाट म्हण," तू म्हणालास. तुझा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. "तू कधी कोणाला पोचवायला गेलीस तर कुठे उभी राहतेस?"

"मागे."

"तेच तर."

रोझीवहिनींनी सुकवलेल्या केळ्यांची, सुकेळ्यांची बशी आपल्या दोघांच्या मधे ठेवली आणि म्हणाल्या, "जेवून भांडा. ती बाई अजून मेलीसुद्धा नाही ना?" मी जेवले नाही. कामाचं निमित्त सांगून निघाले. बसमधून तुला एक संदेश पाठवला. तो काय होता ते इथे लिहीत नाही. तुझ्या फोनमध्ये असेल. त्यात 'बँडबाजा' हा शब्द होता.

पाच आठवडे आपण बोललो नाही. त्याआधी आपण दाराच्या वेळी आठ दिवस आणि एकदा पाणबुडीवरून बारा दिवस गप्प होतो, त्यामुळे मी आकड्याकडे लक्ष दिलं नाही. पाचव्या आठवड्यात तुझा संदेश आला: 'पान नऊ पुन्हा वाच.'

मी उत्तर दिलं नाही. चार दिवसांनी वहिनींचा फोन आला.

आता मला तुला जे सांगायचंय ते असं. 'पुन्हा' हा तुझा गैरसमज होता. मी पान तीनपर्यंतच वाचलं होतं. जी बाई दुसऱ्याच्या कायदेशीर तळटिपासुद्धा दोनदा वाचते, तिने तुझी चौदा पानं तिसऱ्या पानावर सोडली, आणि वर त्यांवर तासभर बोलली. तुला ते ओळखू आलं होतं का? 'पुन्हा' तू मुद्दाम लिहिलंस का, मला लाज वाटू नये म्हणून? की तुला खरंच वाटलं की मी सगळं वाचून मगच हे बोलले? दोन्हींपैकी कुठलं जास्त वाईट हे मला ठरवता येत नाही, आणि विचारायची सोय राहिली नाही.

मी नंदाखालला आले तेव्हा चर्चमधली मिस्सा, म्हणजे तुमची प्रार्थनासभा, संपत आली होती. बँड होता. (हो.) दफनभूमीत मी नेहमीप्रमाणे मागे, भिंतीपाशी उभी राहिले. फादरांची प्रार्थना झाली. मग तुझा थोरला भाऊ, ज्याच्याशी तू बांधावरच्या माडावरून वर्षानुवर्षं बोलत नव्हतास, तो सगळ्यांत पुढे येऊन उभा राहिला. त्याच्या शेजारी चर्चच्या कमिटीतला एक गृहस्थ. मग एक हिरव्या शर्टातला माणूस, ज्याच्याबद्दल मागाहून कळलं की तो तुझं गिऱ्हाईक होता आणि तू त्याला भर बाजारात 'पंपाचा खुनी' म्हणाला होतास. मला वाटलं, मानाचा क्रम लावतायत. तेवढ्यात वहिनी मागे वळल्या, गर्दीतून मला शोधलं आणि माझ्यापर्यंत चालत आल्या.

"तुम्ही पुढे या."

"मी इथे बरी आहे, वहिनी."

"नाही, पुढे. तुमचं त्यांच्याशी भांडण चालू होतं ना?"

मला वाटलं, इथे, आत्ता, सगळ्यांसमोर? पण त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्या माझा हात धरून बोलत होत्या, जसं गर्दीत कोणाला खुर्चीपर्यंत नेतात तसं.

"आमच्या सासऱ्यांनी लावलेली रीत. गावात दुसरं कोणी करत नाही, आमच्याच घरात. ज्याचं भांडण राहिलं असेल त्याने पहिली माती द्यायची. ज्यांचं गोडीत होतं त्यांना घाई नसते."

अशी आम्ही रांगेत उभी राहिलो, तुझ्याशी भांडलेली. रांग चांगलीच लांब होती, पास्कल. तू एवढा शांत माणूस, हे कधी केलंस? माझ्या पुढचा हिरव्या शर्टातला माणूस हळूच मागे वळून म्हणाला, "तुमचा पण पंप का?" मी म्हटलं, "आरमार." तो म्हणाला, "हां," जसं काही त्याला अपेक्षितच होतं. तुझा भाऊ माती टाकून बाजूला झाला आणि कुठे जावं हे न कळून तसाच उभा राहिला, तेव्हा कमिटीतल्या गृहस्थाने त्याच्या हातात पाण्याची बाटली दिली आणि हात धुवायला लावले. मग माझी पाळी आली. माती ओली होती आणि बोटांना चिकटून राहिली, त्यामुळे मला ती दोनदा झटकावी लागली. माझ्याकडे करायला काहीतरी होतं, आणि त्या अर्ध्या मिनिटापुरतं तेवढंच होतं, हे मी तुला मान्य करते.

घरी येऊन पान नऊ काढलं. पहिल्यांदा वाचलं.

'दोर धरायला सहा जण. हे सहा पदावरून निवडायचे नाहीत. ज्यांचं सरखेलाशी भांडण मिटायचं राहिलं, ते. सहा भरले नाहीत तर सरखेल बरी नव्हती असं समजावं. मित्रांनी मागे उभं राहावं. पेटी ढकलायची नाही. गेलेल्या माणसाला ढकलत नाहीत. दाराच्या बाहेर धरायची आणि दोर सोडायचे, एकेकाने, आपापल्या वेळेने. सोडेपर्यंत इंजिनं बंद. अकरा मिनिटं धरली आहेत. शेवटच्याला वेळ लागतो.'

खाली वेगळ्या पेनाने, बहुधा नंतर: 'शेवटचा दोर संपादकबाईच्या पात्राकडे.'

माझं पात्र म्हणजे आरमाराची लेखनिक, जी पहिल्या प्रकरणापासून ओदाच्या भाषणांतली विशेषणं कापते. तिला मी लिहिलं तेव्हा तू म्हणाला होतास की ही तुझ्यासारखी अजिबात नाही. मी ते कौतुक समजून घेतलं होतं.

मंचावरची मंडळी ओदाच्या प्रकरणाची वाट बघत होती. माझ्याकडे माझा परिच्छेद तयार होता, आणि तू आता नाही म्हणायला नव्हतास. माझ्या मनात एकदा आलं, तोच टाकावा. तो अजूनही चांगला परिच्छेद आहे. पण ज्या भांडणात एक बाजू वाचलीच गेली नाही, त्यात दुसऱ्याने जिंकलं असं म्हणता येत नाही. कायद्याच्या पुस्तकांतही याला निकाल म्हणत नाहीत.

म्हणून गेल्या आठवड्यात मी तुझी चौदा पानं प्रकरण म्हणून लिहून काढली. तोफा ठेवल्या. प्रत्येकीवर सहा माणसं. तिरक्या होड्या ठेवल्या, जुन्या खलाशांची गर्दी ठेवली. विशेषणं कापली, तेवढं चालवून घे. सहा जणांनी दोर धरले. पाच जणांनी एकेक करून सोडले. लेखनिकेला मी अकरा मिनिटं दिली होती, तिला नऊ लागली. तिने सोडल्यावर मी प्रकरण तिथेच थांबवलं, इंजिनं बंद असताना, कारण त्यापुढे मला काही सुचलं नाही. मग पुन्हा एकही शब्द न बदलता मंचावर टाकलं. ते लिहिताना माझी एकदाही चेष्टा करायची इच्छा झाली नाही, हे मी तुला सांगते आहे, दुसऱ्या कोणाला सांगणार नाही.

दोन तासांत सत्तरपैकी बऱ्याच जणांनी लिहिलं की डोळे भरून आले. मग एका नव्या वाचकाची प्रतिक्रिया आली. फारच सुंदर, असं म्हणून त्याने विचारलं होतं की इंजिनं बंद केल्याने अंतराळात जहाज थांबत नाही, ते त्याच वेगाने पुढे जात राहतं, हे लेखकांना मान्य असेलच. पेटीलाही तोच वेग आहे, आणि तिला कोणी ढकललेलं नाही.

मी कागद घेऊन तपासलं. त्याचं बरोबर आहे. आपल्या दोघांच्याही हे लक्षात आलं नाही. इंजिनं पुन्हा सुरू करण्याचा हुकूम पुढच्या प्रकरणात यायला हवा, आणि तो मी अजून लिहिलेला नाही. त्यामुळे सरखेल ओदा कुठेही गेलेली नाही. ती बिनतक्रारच्या डाव्या दारापासून दोन हातांवर, जहाजाच्याच वेगाने चालली आहे, आणि जेवणघराच्या खिडकीतून स्पष्ट दिसते.